एक सूत दम

५ फेब्रुवारी

भावोजी,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. तुम्ही वयाने माझ्याहून लहान, नात्याने मानाचे, आणि नऊ वर्षांत आपण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. अशा माणसाला काय लिहितात ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. म्हणून नुसतं भावोजी.

हे गेल्याला चार महिने झाले. मी कार्ड टाकलं होतं. उशिरा टाकलं, हे खरं. त्याबद्दल पुढे कधीतरी.

आता कामाचं लिहिते. मागच्या वर्कशॉपची पश्चिमेची भिंत गेली आहे. खालच्या चार फळ्या अंगठ्याने दाबल्या तर अंगठा आत जातो. भिंत चौदा फूट लांब, नऊ फूट उंच, मध्ये एक खिडकी अडीच बाय तीनची. माप मी स्वतः घेतलं आहे, दोनदा. मुलगी म्हणते, सिमेंटचे पत्रे ठोकून टाक, आता तिथे बसणार कोण. तिचं चूक नाही. तिला मला तिच्याकडे न्यायचं आहे. पण आत हत्यारं आहेत. रंधे, पटाश्या, ह्यांची मोठी करवत, आणि काटकोन तपासायचा तुमचा तो लहान गुण्या, तोही. पत्र्याच्या भिंतीला आतून घाम सुटतो आणि लोखंड गंजतं. सुताराच्या घरात तीस वर्षं काढून एवढं तरी कळतं.

गल्लीतला फर्निचरवाला करतो म्हणाला. कपाटं बरी करतो, भिंत कधी केलेली नाही. त्याने विचारलं, कसली फळी लावू काकू? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. पावसाच्या आत व्हायला हवं.

पत्ता त्या कार्डाच्या वेळीच तुमच्या जुन्या मालकाकडून मिळवला होता. चुकला असेल तर ज्या कुणाच्या हाती हे पडेल त्याने भिंतीचा विचार सोडून द्यावा.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भावोजी,

उत्तर आलं नाही. वाट पाहण्यापेक्षा मी स्वतःच अभ्यासाला लागले. वाचनालयातल्या बाईंनी मला लाकडी घरांवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. अर्धं कळलं, अर्धं चित्रं पाहून भागवलं. मग रोज सकाळी एकेक रस्ता धरून लोकांच्या भिंती पाहत हिंडले. एका म्हातारबाबांनी विचारलं, घर घ्यायचंय का? म्हटलं, नाही, नुसती फळी बघतेय. त्यांनी दार लावून घेतलं.

पाहिलं ते लिहिते. चुकलं तर खोडा.

जुन्या डाकघराला चढफळी आहे. वरची फळी खालचीवर थोडी चढते, माशाच्या खवल्यासारखी. पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. पण प्रत्येक फळीच्या पोटाखाली कोळ्यांचा संसार, आणि भिंत दुरून फणीसारखी दिसते. वर्कशॉपला एवढा थाट कशाला, असं वाटलं.

शाळेच्या गोदामाला उभ्या फळ्या आणि सांध्यावर पट्ट्या. ही मला सगळ्यांत समजूतदार वाटली. फळी फुगो, आकसो, पट्टी वरून झाकून घेते. पट्टीचा खिळा फळीत जात नाही, दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून थेट मागच्या लाकडात जातो, म्हणून कुणी कुणाला ओढत नाही. दिसायला मात्र ओबडधोबड.

दवाखान्यातल्या बसायच्या खोलीत टंग-ग्रूव्ह आहे, मामंजी ज्याला जीभ-खोबण म्हणायचे. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत, खिळा जिभेत लपलेला. हात फिरवला तर भिंत एकसंध लागते. तिथे बसून मी ह्यांच्या नंबराची वाट पाहत असे, त्यामुळे ही भिंत मला पाठ आहे. एकूण बासष्ट फळ्या. एक मधलीच फुटलेली आहे. कंपाउंडरला विचारलं, बदलत का नाही? तो म्हणाला, मधली एकटी निघत नाही, शेवटच्या फळीपासून सगळी भिंत उकलत यावी लागते. म्हणून तशीच ठेवली आहे.

सोनाराच्या नव्या दुकानात फळीच नाही. प्लायवर रेघा मारल्या आहेत आणि त्याला फळी म्हणतात. बोलायचं काम नाही.

आणि शिपलॅप. मामंजींची ओठफळी. दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच, एकीचा ओठ दुसरीच्या ओठावर. समोरून सपाट, दोन फळ्यांत एक बारीक काळी रेघ. जीभ-खोबणीसारखी गच्च नाही, चढफळीसारखी एकमेकींच्या अंगावर नाही. मामंजी ती रेघ कधी बंद होऊ द्यायचे नाहीत. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीची पितळी पट्टी फळ्यांच्या मध्ये घालायची, फळी ठोकायची, पट्टी काढून घ्यायची. राहिलेल्या त्या फटीला ते दम म्हणायचे. फळीला दम ठेव, नाहीतर पावसात फुगून शेजारणीला ढकलेल. ती पट्टी अजून वर्कशॉपच्या खिळ्याला आहे.

ओठफळीबद्दल जास्त लिहीत नाही. वाचनालयाची भिंत ओठफळीची होती.

वहिनी


१९ मार्च

भावोजी,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर बदललेलं नाही, अजूनही ओळ उजवीकडे वर चढते.

लाकडाच्या गिरणीत आहात हे कळलं. करवतीच्या आवाजाने कान अधू झाले, फोनवर ऐकू येत नाही, हेही वाचलं. ह्यांची छाती भुशाने गेली, तुमचे कान करवतीने. मामंजी मात्र ऐंशीव्या वर्षी दहाही बोटांसकट गेले.

त्याखाली तुम्ही तीन ओळींत तीन प्रश्न विचारलेत. त्यातल्या दोहोंची उत्तरं सोपी आहेत. हो, वाचनालयाची भिंत उभी आहे. तुम्ही गेल्यावर ह्यांनी सगळी काढून उभी फळी आणि पट्टी लावली, स्वतःच्या पदरचं लाकूड घालून. सव्वा महिना लागला. मी रोज डबा घेऊन जायची आणि ह्यांचं जेवण होईस्तोवर आत बसायची. भिजलेली पुस्तकं तिथे जमिनीवर पसरून वाळत ठेवली होती. त्यांची पानं उलटायचं काम बाईंनी मला दिलं. उलटता उलटता वाचायला लागले. चौथीनंतर शाळा पाहिली नव्हती. आता बाई मला विचारतात, नवीन काय मागवू. तुमच्या फसलेल्या भिंतीने मला वाचक केलं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा.

दुसरं, फर्निचरवाल्याने जुन्या फळ्या काढल्या आहेत. सध्या ताडपत्री लावली आहे. वारा आला की ती आत पोट घेते.

तिसऱ्या ओळीत तुम्ही विचारलंत, दादाने शेवटी माझं नाव काढलं का. ह्यांना शेवटी बोलायला दम नव्हता. दोन शब्द बोलले की थांबायचे.

एवढंच लिहिते.

वहिनी


२ एप्रिल

भावोजी,

मागच्या पत्रात खोटं लिहिलेलं नाही. पण दवाखान्यातल्या भिंतीसारखं आहे, मधली फळी एकटी निघेना. म्हणून शेवटापासून उकलत येते.

ह्यांनी तुमचं नाव काढलं. जायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तीनदा. पहिल्यांदा म्हणाले, त्याला निरोप धाड. मी म्हटलं, धाडते. चार दिवसांनी विचारलं, धाडलास? म्हटलं, धाडलाय. तिसऱ्यांदा नुसतं नाव घेतलं. उशी सरकवून घेतली आणि तोंड दाराकडे करून पडून राहिले. मी निरोप धाडला नव्हता. ह्यांना जाऊन दोन आठवडे झाल्यावर कार्ड टाकलं.

तुम्ही आला असतात तर तुम्ही दोघे वाचनालयाच्या भिंतीबद्दल बोलला असता. आणि बोलला असता तर पाच मिनिटांत तुम्हाला कळलं असतं. ते काय ते आता लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी हे तापाने पडले होते आणि तुम्ही एकटे वाचनालयावर होता. फळ्या उशिरा आल्या, ओल्या आल्या. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. दुपारी डबा द्यायला मी आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, दादाला विचारा, लाकूड ओलं आहे, काय करू. मी घरी येऊन विचारलं. ह्यांनी डोळे न उघडता सांगितलं, “दम धर म्हणावं.”

म्हणजे थांब. लाकूड सुकू दे, उद्घाटन पुढे जाऊ दे. हे आता कुणालाही कळेल. तेव्हा मी वाटेने जाताना तो शब्द घोळवत होते. फळीचं काम आणि दम, म्हणजे मामंजींचा दम. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. सुतारांच्या घरात इतकी वर्षं मी डबेवालीच होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कामाचा निरोप मला सांगितला होता, आणि तो मला समजला होता. मी तुमच्यासमोर येऊन म्हटलं, “दम ठेवा, म्हणालेत.”

तुम्ही पटाशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, “नक्की ठेव म्हणाला?”

मी म्हटलं, “नक्की.”

धर आणि ठेव. दोन-दोन अक्षरं.

तुम्ही ओल्या फळ्या पट्टी घालून, मोजून लावल्यात. ओठ तीन सुतांचा. एक सूत दमात गेलं, उरली दोन. दोन महिन्यांच्या उन्हात फळ्या आकसल्या त्या दोन सूत. उरलं शून्य. बाहेरचा उजेड फळ्याफळ्यांतून आत यायला लागला. मग पाऊस आला आणि कपाटभर पुस्तकं भिजली. हा हिशेब मी नंतर पुस्तक वाचून मांडला. चूक कोणाची हे मात्र मला त्या दिवशीच कळलं, तुम्ही दोघे वर्कशॉपमध्ये भांडत होता तेव्हा.

मी चहा घेऊन दारात उभी होते. हे म्हणाले, दम म्हणून निरोप धाडला होता ना तुला? तुम्ही म्हणालात, ठेवला की दम, एक सूत, जाऊन मोज. ह्यांना वाटलं तुम्ही कोटी करताय. तुमचा स्वभाव तसाच होता, मयताला गेलात तरी कोटी करून यायचात. ह्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. माझ्या निरोपाची थट्टा करतोस, म्हणाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुण्यासुद्धा न घेता गेलात.

चहाचे दोन कप होते. मी ते परत स्वयंपाकघरात नेले आणि ओतून टाकले. वाटलं, राग निवला की सांगू. राग निवायच्या आत तुम्ही गाव सोडलंत. मग वाटलं, पत्र आलं की सांगू. पत्र आलं नाही. मग सांगायचं राहिलंय हेच अंगवळणी पडलं. वाचनालयात ह्यांच्या नव्या भिंतीला टेकून मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी वाचल्या.

अजून एक आहे. जायच्या आठवडाभर आधी दुपारी हे डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, “ती कोटी नव्हती, नाही का गं?”

मी पाणी दिलं. ह्यांनी ते प्यायलं.

वहिनी


२३ एप्रिल

भावोजी,

उत्तर मागत नाही. पोस्टमन येतो, पुढच्या घरी जातो. मी त्याला विचारत नाही, तो मला सांगत नाही.

माझं ठीक आहे. झोप लागते, जेवते. मुलगी विचारते, रडलीस का? मी हो म्हणते, म्हणजे ती फोन ठेवते. परवा ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि सकाळभर फडफडत राहिला. बांधायला उठले ती बारा वाजता.

फर्निचरवाला रोज जाता-येता आत डोकावतो. त्याला म्हटलं, उभी फळी आणि पट्टीच कर, तीच समजूतदार. लाकूड सांगायला तो सोमवारी जाणार आहे.

वहिनी


११ मे

भावोजी,

परवा सकाळी दारात ट्रक उभा राहिला. ड्रायव्हरने कागद दाखवला, त्यावर आपला पत्ता आणि तुमच्या गिरणीचा शिक्का. फर्निचरवाल्याचं सोमवारचं जाणं राहूनच गेलं होतं, म्हणून मी म्हटलं, आम्ही काही मागवलेलं नाही. तो म्हणाला, पैसे चुकते आहेत, सही करा ताई, मला पुढे जायचंय.

फळ्या उतरवल्या. फर्निचरवाल्याने एक उचलून कड पाहिली आणि म्हणाला, ही तर शिपलॅप, आपलं पट्टीचं ठरलं होतं ना? मी त्याच्या हातून टेप घेतली आणि ओठ मोजला. पाच सूत. दुसरी मोजली, पाच सूत. सगळ्या मोजल्या. एक सूत दमाचं, दोन सूत आकसायचं, तरी दोन उरतात. मी त्या फळ्यांपाशी बराच वेळ उभी होते. फर्निचरवाला म्हणाला, काकू, ऊन लागेल.

ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसला होता. निघता निघता खिडकीतून म्हणाला, हां, एक राहिलं, त्यांनी निरोप दिलाय तुम्हाला. वहिनींना म्हणावं, दम...

मी म्हटलं, “दम काय? धरा की ठेवा?”

तो बुचकळ्यात पडला. म्हणाला, दोन्ही एकच ना ताई?

“नाही,” मी म्हटलं.

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, गिरणीत करवत चालू होती, ते हळू बोलतात, मागची गाडी हॉर्न मारत होती. दम एवढं नक्की. पुढचं काहीतरी होतं. मी त्याला परत विचारलं. मग पाणी दिलं आणि परत विचारलं. बिचारा म्हणाला, बहुतेक ठेवा. मग म्हणाला, बहुतेक धरा. मग म्हणाला, ताई, उगाच खोटं कशाला बोलू. तो माझ्यापेक्षा प्रामाणिक माणूस आहे.

आता मला कळत नाही. ठेवा असेल तर तुम्ही गिऱ्हाईकाला सांगावं तसं सांगितलंत, फळ्या लावताना फट ठेवा, आणि आपला संबंध लाकडापुरता. धरा असेल तर थांबायला सांगितलंत, आणि थांबायला सांगणारा माणूस येतो.

फर्निचरवाला म्हणाला, लाकूड कोरडं दिसतंय, उद्याच ठोकून टाकतो, ढग दिसायला लागलेत. त्याचं खरं आहे. रोज दुपारी पश्चिमेला काळं होऊन येतं आणि निघून जातं. मुलगीही फोनवर म्हणाली, आता कशाला खोळंबून ठेवतेस? मी दोघांना सांगितलं, नऊ वर्षांपूर्वी एकदा मी एका शब्दावर भिंत उभी करून दिली, आता नाही.

हत्यारं घरात आणली. रंधे पलंगाखाली आहेत, पटाश्या कपाटात ह्यांच्या सदऱ्यांच्या शेजारी. फळ्यांची वर्कशॉपमध्ये थप्पी लावली. मामंजी लावायचे तशी, प्रत्येक दोन थरांच्या मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशी. फर्निचरवाल्याने मदत केली. थप्पी पुरी झाल्यावर मी पाहत बसले तेव्हा लक्षात आलं, फळ्यांना दम ठेवलाही आहे आणि त्या दम धरूनही बसल्या आहेत. तुमचा निरोप कुठलाही असो, आत्तापुरता पाळला गेला आहे. तुम्ही याहून बरी कोटी केली असती.

पाऊस आला तर वर्कशॉपमध्ये पाणी येईल. येऊ दे. थप्पीखाली विटा लावल्या आहेत.

निरोप ठेवा असेल तर तसं कागदावर लिहून पाठवा. मी पट्टी घालून, मोजून लावून घेईन आणि पुन्हा लिहिणार नाही. मात्र कुणाच्या तोंडी पाठवू नका. आणि धरा असेल तर लिहायची गरज नाही. मागच्या बाजूने या. तिकडे सध्या भिंत नाही.

वहिनी